सेवा की हक्क?

रोज सकाळी आपण सुविचाराचा फोटो पाठवतो. आपल्या सत्संगातल्या एक दृष्टिहीन काकू मध्यंतरी म्हणाल्या, "माझा मोबाईल नुसतं 'फोटो' म्हणतो गं, पुढे काहीच नाही." आम्ही ओशाळलो. त्यांचा टॉकबॅक टाईप केलेला मजकूर छान वाचतो, चित्रातली अक्षरं नाही. मग आम्ही रोज फोन करून त्यांना वाचून दाखवू लागलो आणि त्यालाच सेवा समजलो. पण स्वतःचं स्वतः वाचता येणं हा त्यांचा हक्कच ना? 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही तेच सांगतो. आपणच दार लावायचं आणि हात धरून आत नेल्याचं पुण्य घ्यायचं, ही कसली सेवा? आजपासून प्रत्येक फोटोखाली तोच मजकूर टाईप करूया. दोनच मिनिटं लागतात.