गोंधळात बुडते काय?

संसदेचे अधिवेशन सुरू होऊन चार दिवस झाले की वर्तमानपत्रांत एक हिशेब हमखास छापून येतो. गोंधळात इतके तास वाया गेले, मिनिटाचा खर्च इतके लाख, म्हणजे करदात्यांचे इतके कोटी पाण्यात. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. गोंधळात सगळे कामकाज सारखेच बुडते, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात तसे होत नाही.

लोकसभेचा दिवस अकरा वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने उघडतो. यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकितांना लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच मिटतो. तारांकितांपैकी तासाभरात जेमतेम पाच-सहा होतात. पुकारा झाला की मंत्री उठून सांगतात, उत्तर सभापटलावर ठेवले आहे. हा निव्वळ उपचार. प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी गेलेली असते आणि खात्यातल्या अधिकाऱ्यांनी उत्तराचा एकेक कंगोरा घासून गुळगुळीत केलेला असतो. खरी गंमत पुढे आहे. सदस्य पुरवणी प्रश्न विचारतो, आणि तो काय असेल हे मंत्र्यांना आधी सांगितलेले नसते. अधिकाऱ्यांच्या सज्जातून चिठ्ठी यायची तेव्हा येते. तोवर मंत्र्यांना स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. खाते मंत्री चालवतात की सचिव, हे तेवढ्या अर्ध्या मिनिटात सभागृहाला कळून चुकते.

बाकीचा दिवस बऱ्याच अंशी सरकारच्या सोयीने जातो. बारानंतर कागदपत्रे पटलावर ठेवली जातात, मग शून्य प्रहर येतो. नियमावलीत त्याला स्थान नाही आणि तिथल्या तक्रारीला लगेच उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यांवर नाही. दुपारी विधेयके. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे म्हणायचे, पण त्यांचे विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडून कायदा होण्याला १९७० नंतर मुहूर्त लागलेला नाही.

आता गोंधळ सुरू झाला की काय होते ते पाहावे. अकराला सदस्य फलक घेऊन हौद्यात उतरतात, पाच-दहा मिनिटांत कामकाज बाराला किंवा दोनला तहकूब होते. प्रश्नोत्तराचा तास गेला तो गेलाच. तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली की सोपस्कार संपतो. दुपारी सभागृह पुन्हा भरते, घोषणा चालूच असतात आणि त्या घोषणांतच विधेयक आवाजी मतदानाने मंजूर होते. इतिवृत्तात त्या जागी कंसात एकच शब्द उरतो : व्यवधान. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या सगळ्या मागण्या लोकसभेने चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर केल्या. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कृषी कायदे मागे घेणारे विधेयक असेच चर्चेविना गेले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले होते, आणि ते कायदे का केले व का मागे घेतले याबद्दल लोकसभेत दोन शब्दही झाले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले १४६ सदस्य निलंबित झाले. त्यांच्या नावचे प्रश्न यादीतून गळले, फौजदारी कायदे बदलणारी तीन विधेयके मात्र वेळेवर पार पडली. गोंधळात प्रश्न बुडतो, विधेयक तरून जाते.

प्रश्न बुडण्याची किंमत केवढी, हे १९५७ साली दिसले होते. नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले होते. लोकसभेत त्यावर प्रश्न आले, मोघम उत्तरे मिळाली, आणि डिसेंबरात फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केलेली चौकशी मुंबईत भर लोकांसमोर झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. त्यासाठी कोणाला हौद्यात उतरावे लागले नव्हते. अर्थात तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता; तो १९८५ चा. पक्षादेश फक्त मतदानाला लागू होतो, प्रश्न विचारायला नाही. तरीही सत्ताधारी बाकांवरून आज अडचणीचा प्रश्न सहसा येत नाही. उमेदवारी कोणाच्या हातात असते, हे प्रत्येक खासदार जाणून असतो.

मग विरोधकांनी गोंधळ का घालावा? त्यांचे उत्तर अगदीच पोकळ नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन भाजपने जवळजवळ पूर्ण रोखले, आणि पुढच्या वर्षी टू-जी स्पेक्ट्रम वाटप प्रकरणी संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली. शांतपणे मागून ती मिळाली असती असे मला वाटत नाही. पण समितीतही सरशी सरकारचीच झाली. २०१३ मध्ये अहवाल आला तेव्हा पंतप्रधान निर्दोष ठरले आणि विरोधकांनी तो फेटाळला. त्या अधिवेशनात जे शेकडो प्रश्न तोंडी चर्चेला आलेच नाहीत, त्यांची खबर कोणी घेतली नाही.

खरी मेख दिवसाची विषयपत्रिका कोण ठरवतो यात आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात एका अधिवेशनात २० दिवस विरोधी पक्षांचे असतात. त्या दिवशी विषय ते ठरवतात, मंत्र्यांना येऊन बसावे लागते आणि उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे असा एकही दिवस नाही. नियम १९३ खाली अल्पकालीन चर्चा होते, पण ती कधी होणार हे ठरवताना सरकारची सोय पाहिली जाते. हक्काचा दिवस नसलेल्याला फलक हाच पर्याय वाटू लागला, तर नवल नाही. नियम समितीने मनावर घेतले तर ही तरतूद नियमावलीत घालता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. काँग्रेस आणि भाजप दोघांनीही विरोधी बाकांवर बरीच वर्षे काढली आहेत, दोघांनीही दीर्घकाळ सत्ता भोगली आहे. सत्तेत असताना ही दुरुस्ती दोघांपैकी एकानेही केली नाही.