शेजारच्या खुर्चीतलं विघ्न

शनिवारची संध्याकाळ दोघांनी मुद्दाम एकमेकांसाठी राखून ठेवलेली असते, आणि प्रश्न एकच उरतो: कुठला प्रेमपट पाहायचा? उत्तर साधारणपणे आवडीनिवडीच्या हिशेबात शोधलं जातं. तिला विनोदी आवडतं, त्याला रडवणारं सोसत नाही, मग दोघांना चालेल असं मधलं काहीतरी. या हिशेबात एक विचित्र गोष्ट नजरेआड होते. एकमेकांवर प्रेम असलेली, किंवा ते आहे का हे अजून चाचपून पाहणारी दोन माणसं स्वतःचं प्रेम बाजूला ठेवून अडीच तास परक्यांचं प्रेम पाहत बसणार असतात. तसं का करावंसं वाटतं आणि त्यातून नेमकं काय घडतं, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न आहे आणि थोडं पुढे गेलं तर अध्यात्माचाही. माझं म्हणणं असं की, अशा संध्याकाळी बहुतेक निवडी फसतात त्या सिनेमा वाईट निघाला म्हणून कमी आणि सिनेमावर भलतंच काम सोपवलं म्हणून जास्त. त्याला निरोप्या केलेलं असतं. ‘बघ, मला असं प्रेम हवंय’, ‘बघ, तू अगदी असाच वागतोस’. निरोप पोचवायला प्रेमपटाइतकं कुचकामी साधन दुसरं नाही. आपण दोघं आहोत याचाच दोघांनाही काही काळ विसर पाडेल, असा सिनेमा त्या संध्याकाळी हवा. या म्हणण्याला आधार आहे तो हजारेक वर्षांपूर्वी काश्मिरात झालेल्या एका विचाराचा.

रसाचं सूत्र भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, पण प्रेक्षकाच्या मनात काय होतं हा प्रश्न चिवटपणे लावून धरला तो त्याच्या काश्मिरी टीकाकारांनी. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगमंचावरची रती, म्हणजे प्रेमभावना, दुष्यंताची नसते, नटाची नसते, प्रेक्षकाचीही नसते. ‘माझं’ आणि ‘त्याचं’ या खुणा गळून पडल्यावर जे उरतं त्याचा आस्वाद म्हणजे शृंगार. अभिनवगुप्ताने भट्टनायकाशी वाद घातला, तरी हा धागा सोडला नाही, आणि ‘अभिनवभारती’त रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. र. पं. कंगले यांनी हा सगळा भाग मराठीत आणून ठेवला आहे. तो वाचताना हा शैव आचार्य आपल्या मल्टिप्लेक्समध्ये मागच्या रांगेत बसून गेला की काय अशी शंका येते. एक विघ्न असं: समोरची भावना प्रेक्षकाला स्वतःची वाटू लागते. मग सुख असेल तर ते निसटेल अशी धास्ती, तसंच आणखी मिळावं अशी हाव, दुःख असेल तर ते टाळायची घाई, आणि हे सगळं कुणाला सांगावं की लपवावं ही घालमेल. दुसरं विघ्न याच्याच शेजारचं: माणूस आपल्याच सुखदुःखात इतका बुडालेला असतो की त्याचं चित्त दुसऱ्या कशावर विसावतच नाही. डेटवर आलेल्या माणसाचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. पडद्यावर नायिका रुसते आणि इकडे एकजण शेजारी तिरकी नजर टाकून पाहतो, हिला आपलं परवाचं भांडण तर आठवलं नाही ना. म्हणजे प्रेमपट पाहायला सर्वांत नालायक प्रेक्षक कोण, तर प्रेमात असलेला.

अभिनवगुप्त मात्र विघ्न सांगून थांबत नाही, उपायही सांगतो. आपल्याच सुखदुःखात अडकलेल्या प्रेक्षकाला सोडवण्यासाठी नाट्यात गाणं-वाजवणं आहे, सजवलेला मंडप आहे. अरसिकाचंही मन त्याने निवळतं आणि तो सहृदय होतो. हिंदी सिनेमातल्या गाण्यांची थट्टा करणाऱ्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावं. कथा अडवून मध्येच येणारं गाणं कथेच्या दृष्टीने अडगळ असेलही, पण प्रेक्षकाला त्याच्या खासगी काळजीतून उचलून बाहेर काढण्याचं काम संवादापेक्षा तेच चोख करतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ 20 ऑक्टोबर 1995 रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात तो तीन दशकं चालत आला आहे. शेवटच्या गाडीपाशी बाप मुलीचा हात सोडणार हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. उत्कंठा हे सिनेमाचं प्राणतत्त्व मानणाऱ्याला ही गर्दी कोडंच वाटेल. रसविचाराला त्यात नवल नाही, कारण रामकथा काय होणार हे माहीत नाही म्हणून कुणी पाहत नाही. पुढे काय होणार ही टोचणी नसली की उलट मन मोकळं होतं. म्हणून दोघांनी आधी पाहिलेला सिनेमा पुन्हा निवडण्यात कमीपणा काहीच नाही. एकानेच पाहिलेला निवडणं मात्र धोक्याचं. तो माणूस सिनेमा न पाहता दुसऱ्याचा चेहरा पाहत बसतो.

इथे एक सरळ आक्षेप येतो. दोघांनीही स्वतःला आणि एकमेकांना विसरायचं असेल, तर एकत्र बसायचं कशाला? आपापल्या फोनवर आपापला सिनेमा पाहावा. याचं उत्तरही अभिनवगुप्ताकडेच आहे, आणि रसचर्चेइतकंच ते त्याच्या तंत्रविचारात आहे. सगळे प्रेक्षक एकाच प्रतीतीत घट्ट मिसळले की रस अधिक पुष्ट होतो असं तो नाट्याबद्दल म्हणतो. ‘तंत्रालोका’त तर तो याच्या मुळाशी जातो. देहाच्या भेदामुळे आक्रसलेली जाणीव अनेकजण एकत्र आले की एकमेकांत प्रतिबिंबित होऊन फैलावते. गाणं-नृत्याच्या मैफलीत जो आनंद होतो तो एकेकट्याच्या आनंदाची बेरीज नसतो. तिथे मन न लागलेला एक जरी माणूस बसला, तरी ती फैलावलेली जाणीव पुन्हा आक्रसते, म्हणून चक्रपूजेत, म्हणजे साधकांच्या सामूहिक पूजेत, अशा माणसाला बसू देऊ नये, असा त्याचा इशारा आहे. अंधारात शेजारी उजळलेला मोबाइलचा पडदा ज्याने सोसला आहे, त्याला या इशाऱ्याचं भाष्य नको. तेव्हा एकत्र पाहण्याचा अर्थ एकमेकांकडे पाहणं असा नाही. दोन जाणिवांनी एकाच गोष्टीवर विसावणं हा तो अर्थ, आणि ‘मी’ची पकड सैल होण्याचा एवढा स्वस्त अनुभव संसारात फार ठिकाणी मिळत नाही. रसास्वादाला ब्रह्मास्वादाच्या शेजारी बसवणाऱ्यांना हेच म्हणायचं होतं. शेजारी, बरं का. दोन्ही एकच असं ते म्हणाले नाहीत.

मग निवडायचा कसा? कांटने 1790च्या ग्रंथात एक भेद केला आहे तो इथे उपयोगी पडतो. कॅनरी बेटांवरची वाइन मला गोड लागते, असं म्हणताना मी फक्त माझ्या जिभेबद्दल बोलतो. तुला ती आवडली नाही तर वाद नाही. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणतो तेव्हा पुरावा हाती नसतानाही मी जगाकडून होकार मागत असतो. आपल्या लाडक्या सिनेमाला जोडीदाराने जांभई दिली की जे लागतं ते म्हणूनच लागतं. ‘दोघांना चालेल असं’ निवडणारे हा भेदच पुसून टाकतात. ‘तू ठरव’, ‘नको, तूच ठरव’ अशी सभ्य टोलवाटोलवी होते आणि शेवटी कुणाचीच ना नाही म्हणून एखादा सिनेमा लागतो. ज्याला कुणाचाच आक्षेप नाही त्यात कुणाचाच जीवही नसतो, मग विसर कसा पडणार? त्यापेक्षा एकाने जोरकसपणे निवडावं आणि दुसऱ्याने, पुढल्या खेपेला आपली पाळी आहे हे लक्षात ठेवून, स्वतःला त्याच्या हवाली करावं. यात लोकशाही कमी आहे हे मान्य.

आणि कुठल्या जातीचा प्रेमपट? शास्त्रकारांनी शृंगाराचे दोन भेद केले, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मिलनाचा आणि विरहाचा. विरहाकडे आपल्या परंपरेचा ओढा जुना आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांत तर देवाकडची ओढही ताटातूट झालेल्या स्त्रीच्या तोंडून बोलते. दोघं शेजारी बसलेली असताना पडद्यावरही मिलनच चाललेलं असेल, तर ते चटकन आपलं होतं आणि तुलना सुरू होते: तो हिला पॅरिसला नेतो, तू मला महाबळेश्वरलाही नेलं नाहीस. विरह आपला नसतो, निदान त्या घटकेला तरी नसतो, म्हणून साधारणीकरण सोपं जातं. रितेश बत्रांचा ‘द लंचबॉक्स’ (2013) पाहावा. मुंबईच्या डब्यांच्या साखळीत एक डबा चुकतो आणि इलाच्या हातचं जेवण नवऱ्याऐवजी निवृत्तीला आलेल्या साजन फर्नांडिसपुढे येतं. डब्यातून चिठ्ठ्या जातात-येतात. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू शेवटपर्यंत दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज खिडकीतून सल्ले देत राहतो. भेटायचं ठरतं तेव्हा साजन हॉटेलात येतो, तिला दुरून पाहतो, आणि आपण म्हातारे झालो या जाणिवेने तसाच परततो. सिनेमा संपतो तेव्हा तो डबेवाल्यांसोबत लोकलमधून तिचं घर शोधायला निघालेला आहे. भेट होते की नाही, दिग्दर्शक सांगत नाही. या दोघांच्या जागी स्वतःला ठेवणं बहुतेक जोडप्यांना जमणारच नाही, आणि नेमकं म्हणूनच साजनचं ते परत फिरणं दोघांनाही सारखंच लागतं.

यावर कुणी विचारेल, दुःखच हवं तर नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ (2016) का नको? भरताने इथे एक बारीक रेघ ओढली आहे. विप्रलंभ सापेक्ष असतो, त्यात पुनर्भेटीची आशा शिल्लक असते. करुण निरपेक्ष, तिथे आशेला जागा नाही. ‘सैराट’ मध्यंतरापर्यंत प्रेक्षकाला झिंगवतो, पुढे संसाराची ओढाताण दाखवतो आणि शेवटी रक्तात उमटलेल्या लेकराच्या पावलांवर त्याला आवाजाविना सोडून देतो. गाण्यांवर नाचायला गेलेली जोडपी मुकाट्याने बाहेर पडली, कारण आपण शृंगाराला आलो होतो आणि आपल्याला करुणाच्या हवाली केलं गेलं हे त्यांना उमगलं. तो धक्का मंजुळेंना हवाच होता, आणि जात या गोष्टीकडे पाहायला तो लागतोही. ‘सैराट’ जरूर पाहावा, दोघांनीही पाहावा. फक्त विसर पाडायला म्हणून निवडू नये. तो आठवण करून द्यायला काढलेला सिनेमा आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या रोनाल्ड रॉग आणि सहकाऱ्यांनी 174 नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या काही जोडप्यांना महिनाभर आठवड्याला एक याप्रमाणे जोडप्यांच्या नात्यावरचे सिनेमे पाहायला आणि पाहून झाल्यावर ठरावीक प्रश्नांवर बोलायला सांगितलं होतं. तीन वर्षांनंतर त्यांच्यातलं विभक्त होण्याचं प्रमाण 11 टक्के निघालं, काहीच उपाय न केलेल्या जोडप्यांत ते 24 टक्के होतं, आणि समुपदेशकांच्या रीतसर कार्यशाळांनाही सिनेमांहून अधिक काही साधलं नाही. म्हणजे सिनेमा आरसा म्हणून वापरला की फायदा होतो, मग विसराचं कौतुक कशाला? एका अभ्यासावर मोठी इमारत उभी करू नये हे खरं, पण आक्षेप तेवढ्यावर उडवून लावण्याजोगा नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या प्रयोगात सुरुवातीला दाखवलेला सिनेमा होता ‘टू फॉर द रोड’ (1967), ऑड्री हेपबर्न आणि आल्बर्ट फिनी यांनी रंगवलेल्या जोडप्याचा, फ्रान्सच्या रस्त्यांवरच्या वर्षानुवर्षांच्या प्रवासांतला. प्रश्न त्यानंतर आले. आधी दोघांनी परक्यांचं लग्न परकं म्हणूनच पाहिलं, मग त्याबद्दल बोलता बोलता स्वतःचं हाती घेतलं. बोलायला दोघांचीही नसलेली, तटस्थ अशी तिसरी गोष्ट मध्ये नसती, तर तीच प्रश्नावली तासाभरात कोर्टातली उलटतपासणी झाली असती. पाहतानाच आरसा धरला असता, तर ना सिनेमा दिसला असता, ना चेहरा.

प्लेटोची हरकत याहून जुनी आणि कडवी आहे: स्वतःला विसरून परक्या भावनांत रमायची सवय लागली की मनातला विवेकाचा पहारेकरी झोपी जातो. ‘डर’ (1993) आठवला की हे नाकारता येत नाही. नको म्हणणाऱ्या मुलीचा पाठलाग करणारा त्यातला राहुल खलनायक होता, पण प्रेक्षकांनी मनात घरी नेलं ते त्यालाच. मात्र आपल्या शास्त्रकारांचा विसर असा आंधळा नाही. औचित्य मोडलं की रसभंग होतो हे आनंदवर्धनाने आधीच बजावलं आहे, आणि रावणाची सीतेबद्दलची आसक्ती ही शृंगार नसून शृंगाराभास, असं अभिनवगुप्त स्वच्छ म्हणतो. रती परस्परांची नसेल तर शृंगाराचा नुसता देखावा उरतो, आणि असा देखावा ओळखणाऱ्या प्रेक्षकाला त्यातून हसूच येतं, असं त्याचं मत. आजच्या बाईला त्यातून हसू येईल की भीती वाटेल, हा त्या मतातला कच्चा दुवा म्हणता येईल. मला तो तसाच वाटतो. पण त्याने हातात दिलेली कसोटी पक्की आहे. राहुल एकाला प्रेमिक वाटला आणि दुसऱ्याला त्याच्यात रावण दिसला, तर पुढच्या शनिवारचा सिनेमा ठरवण्याआधी त्या दोघांनी याच गोष्टीवर बोलायला हवं.