तुरुंगातली शाळा कोणासाठी?

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९ साली ती वसली. जन्मठेपेसारख्या लांब शिक्षा झालेले बंदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. आजही ती राज्याच्या कारागृह खात्याकडे आहे. कल्पना होती मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यातली मोठी नोकरी सोडून हा माणूस गांधीविचाराच्या ओढीने खेड्यापाड्यांत रमला, भारतानंद झाला. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांनी गांधीजींच्या सल्ल्याने औंधचा कारभार प्रजेच्या हाती सोपवायचे ठरवले, तेव्हा नव्या राज्यघटनेच्या जडणघडणीतही तो होता. रयतेवर विश्वास टाकणाऱ्या संस्थानाने त्याच सुमारास कैद्यांवरही विश्वास टाकला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

स्वतंत्रपूर बहुतेकांना ठाऊक आहे ते 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे. याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी तिचे पडद्यावर सोने केले. पण चित्रपटाच्या मध्यभागी आहे जेलरची नजर. त्या नजरेच्या नैतिक धाकात सहा खुनी माणसे बदलत जातात. प्रत्यक्ष वसाहतीचा कणा मात्र जेलर नव्हता, कुटुंब होते. संध्याकाळी घरी चूल पेटलेली असणे, पोराने वही दाखवायला समोर येणे, पिकाला पाणी कधी द्यायचे हे बायकोशी बोलून ठरवणे, या साध्या गोष्टींनी माणूस बांधला जातो आणि मग पळून जाण्यात त्याला अर्थ उरत नाही. आपल्या मनात तो भला जेलर राहिला, घर पुसले गेले. त्यामुळे कैद्यांच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की आपण एखाद्या सहृदय अधिकाऱ्याच्या गोष्टी सांगू लागतो. त्याची बदली झाली की उपक्रम बंद पडतो, याचेही मग कोणाला आश्चर्य वाटत नाही.

स्वतंत्रपुरात जागा आहे तीसहूनही कमी बंद्यांना. ८५ वर्षांहून जुना, यशस्वी म्हणून वाखाणलेला प्रयोग एवढ्यावरच राहिला आहे. येरवडा, पैठण, मोर्शी इथे खुली कारागृहे झाली खरी, पण कुटुंबासह राहण्याची मूळ कल्पना पसरली नाही.

आता दुसऱ्या टोकाचे आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक, कच्चे कैदी. खटला चालू आहे किंवा अजून उभाच राहिलेला नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही, अशी ही माणसे. निम्म्याहून अधिक बंदी दहावीपर्यंत पोचलेले नाहीत आणि त्यांत अक्षरओळख नसलेल्यांचा वाटा मोठा आहे.

तुरुंगातल्या शिक्षण-पुनर्वसनाची आपली सगळी रचना उरलेल्या एक चतुर्थांशासाठी आहे. परीक्षा उत्तीर्ण झाले की शिक्षेत माफी मिळते. पण ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला माफी कशातून देणार? खुले कारागृह पक्क्यांसाठी, म्हणजे शिक्षा झालेल्यांसाठी; काही दिवस घरी जाऊ देणारी संचित रजाही पक्क्यांसाठी. कारखान्यातले काम आणि त्याची मजुरी हीसुद्धा प्रामुख्याने पक्क्यांचीच. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही हा नियम योग्यच आहे. निर्दोष मानलेल्या माणसाकडून सक्तीची मजुरी घेता येणार नाही. पण त्याचे रक्षण करणारा हा नियम व्यवहारात त्याला बराकीत नुसता बसवून ठेवतो. सकाळी बराक उघडते, गिनती होते, जेवण होते, दुपारी बराक बंद, संध्याकाळी उजेड असतानाच पुन्हा बंद. पन्नास माणसांच्या बराकीत शंभर माणसे आणि करायला काही नाही. एकविसाव्या वर्षी आत आलेला मुलगा अशी तीन-चार वर्षे काढून निर्दोष सुटला, तर त्याला त्या वर्षांबद्दल कोणी काय देते?

इथेच मला आपल्या नेहमीच्या युक्तिवादाचा पाया कच्चा वाटतो. कैद्याला शिकवावे, कारण शिकला की सुधारतो आणि सुधारला की पुन्हा गुन्हा करत नाही, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळली. शिकायला पुढे येणारा मुळातच बदलू पाहणारा असतो ही शंका उरते, तरी दिशा स्पष्ट आहे. मात्र हा युक्तिवाद कच्च्या कैद्यापाशी येऊन थांबतो. ज्याचा गुन्हाच ठरलेला नाही त्याला 'सुधारायचे' म्हणजे काय करायचे? त्याच्या शिक्षणाला सुधारणेहून वेगळा आधार हवा, आणि तो आहे: शासनाने त्याची वर्षे स्वतःच्या ताब्यात घेतली आहेत. तुरुंगात गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, कैदेमुळे अटळपणे जेवढे आखडतात तेवढेच आखडतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा निकालात सांगितले आहे. शिकणे हा कैदेमुळे अटळपणे बुडणारा हक्क नाही. उलट तुरुंगात वेळ तेवढा मुबलक असतो.

महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत, 'गीताप्रवचने' तिथली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. टिळकांचे 'गीतारहस्य' मंडालेचे. तुरुंगात घडलेली पुस्तके आपण घराघरांत जपली. पण ती सुशिक्षित राजबंद्यांची होती. चोरीच्या, मारामारीच्या आरोपाखाली आत आलेल्या निरक्षर माणसाच्या हाती पाटी-पेन्सिल द्यायची वेळ आली की 'यांचे लाड कशाला' हा सूर निघतो. नाशिकरोडच्या कारागृहातले बंदी आज सुरेख गणेशमूर्ती घडवतात, आपण त्या कौतुकाने विकत घेतो. तीच बोटे लिहायला शिकली तर त्याचेही तेवढेच कौतुक व्हायला हवे.

सुधारणेच्या नावाखाली काय होऊ शकते, याची आठवणही ठेवायला हवी. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, भामटे अशा अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि पुढे त्यांना सुधारण्यासाठी काटेरी तारांच्या वसाहती केल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांतली एक. तिथे शाळा होती, गिरणीतले कामही होते, पण हजेरी दिल्याशिवाय हलता येत नव्हते. १९५२ साली कायदा गेला, संशय गेला नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतही तो टिकला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगात जातीनुसार कामे वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. स्वतंत्रपूर आणि सेटलमेंट दोन्हीकडे शेती किंवा काम होते, कुटुंबे होती. एका ठिकाणी माणसावर विश्वास ठेवला गेला, दुसऱ्या ठिकाणी संशय.

या सगळ्यात ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याचे काय? हा प्रश्न टाळून पुनर्वसनावर बोलणे मला अप्रामाणिक वाटते. अशा कुटुंबाने कैद्याच्या पदवीचे कौतुक करावे अशी अपेक्षा कोणी धरू नये. पण त्यांना तरी आजच्या व्यवस्थेतून काय मिळते? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांना वाजवी मजुरी द्यावी असा निकाल दिला, तेव्हा त्या मजुरीतला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा, असेही सुचवले. हातात कसब नसलेला, दिवसभर बराकीत पडून असलेला माणूस कोणाचे काहीच फेडू शकत नाही. मजुरी वाढवण्याची मागणी पीडितांच्या बाजूचीही आहे.

मजुरीला पत असते, हे येरवड्यात दिसले. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने तिथल्या बंद्यांसाठी 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली: ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, फेड तुरुंगातल्या कमाईतून. आत असलेला बाप मुलीच्या शाळेची फी भरू शकतो, यातून त्याचे घरातले स्थान टिकते. मला ही योजना एखाद्या प्रवचनमालेपेक्षा मोलाची वाटते. स्वतंत्रपूरची कल्पना तिच्यात पुन्हा भेटते.

कच्च्या कैद्यांसाठी करायचे ते अवघडही नाही. आपण इथे आणखी किती दिवस आहोत हे त्यांना माहीत नसते. उद्या जामीन होईल, नाहीतर दुसऱ्या तुरुंगात हलवतील. त्यांना तीन वर्षांचा अभ्यासक्रम देऊन उपयोग नाही. तीन-तीन महिन्यांचे तुकडे हवेत, जे नाशिकच्या तुरुंगात सुरू करून तळोज्याच्या तुरुंगात पुढे नेता येतील आणि सुटल्यावर गावाजवळच्या अभ्यासकेंद्रात पुरे करता येतील. मुक्त विद्यापीठांची केंद्रे काही कारागृहांत आहेतच. नावनोंदणी पक्के-कच्चे न पाहता पहिल्या आठवड्यात व्हावी. ज्याला स्वखुशीने काम करायचे आहे त्याला कारखान्यात जागा आणि पूर्ण मजुरी मिळावी. प्रमाणपत्रावर तुरुंगाची खूण नसावी. आणि या अभ्यासाची सुरुवात स्वतःच्या खटल्याचे कागद वाचण्यापासून करावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला तर काही अपवाद वगळता त्याला सोडायला हवे. ज्याला आपल्यावरचे कलम वाचता येत नाही, तारीख मोजता येत नाही, त्याला हा हक्क आपल्याला लागू झाला आहे हे कोणीतरी सांगेपर्यंत कळत नाही.