मन लागत नाही, हे वैराग्य नव्हे

सज्जनहो, साताऱ्याकडचा एखादा मुलगा सांगलीच्या हळदपेठेत वायद्याच्या नोकरीला लागतो आणि महिन्याभरात म्हणतो, “महाराज, दिवसभर भाव बघायचे, मन काही लागत नाही.” त्याला वाटते, हेच वैराग्य! आम्ही म्हणतो, हा नुसता कंटाळा.

तुकोबांचे घर महाजनकीचे. १६३० च्या दुष्काळात कुळांचे हाल त्यांनी पाहिले आणि खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण ऐकतो. पण ती पुरती ऐकावी. भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. बुडविला तो आपलाच.

वायदा म्हणजे निव्वळ जुगार नव्हे. पुढचा भाव आज ठरला तर हळदवाल्या शेतकऱ्याचा घोर कमी होतो. सट्टेवाला मात्र चढउतारावरच पैसा लावतो. तेव्हा बाळा, तू कोणाचे ओझे हलके करतोस ते बघ. गिऱ्हाइकाला तोट्याची बाजूही सांगता येत असेल, तर ती पेढी म्हणजे सावतोबांचा मळाच. मन मागाहून येईल. खोटे बोलावे लागत असेल तर खुशाल सोड, पण घरच्यांच्या भाकरीची तजवीज करून. बुडवायचा तो आपला वाटा, दुसऱ्याचा नव्हे.

रामकृष्ण हरि.