शेवटच्या पानाचा हक्क

रहस्यकथा किंवा प्रेमकथा घरी नेताना वाचनालयाच्या काउंटरवर वाचक बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: शेवट चांगला आहे ना? लेखक कोणत्या प्रवाहातला, त्याची शैली कशी, याची चौकशी कोणी करत नाही. या प्रश्नावरून वाचकाची इयत्ता ठरवली जाते आणि त्याच्या हातातलं पुस्तक ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला सारलं जातं. मीही अशीच सहज म्हणून वाचणारी. अलीकडे अगाथा ख्रिस्ती पुन्हा वाचली, सुहास शिरवळकर आणि बाबा कदम वाचले, ना. सी. फडक्यांच्या जुन्या कादंबऱ्या काढून वाचल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. शेवटाबद्दलचा तो प्रश्न मुळीच हलका नाही, आणि आमच्या नगर जिल्ह्यात तर तो फार जड आहे.

या दोन्ही प्रकारांशी नगरचं नातं जवळचं आहे. इथल्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी १८५७ साली आली, म्हणजे कादंबरीच्या आधी वीसेक वर्षं नगरात वाचनालय होतं. मराठी प्रेमकथेला ज्यांनी घडीव रूप दिलं ते नारायण सीताराम फडके १८९४ साली याच जिल्ह्यात, कर्जतला जन्मले. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या नाटकामुळे महाराष्ट्रभर पोचलेले मधुकर तोरडमल त्याआधी अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवत असत. ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. प्रेमकथेचा कारागीर आणि रहस्यकथेचा अनुवादक, दोघांचाही पत्ता कधी ना कधी नगर जिल्ह्याचा होता.

आधी रहस्यकथेबद्दल. ख्रिस्तीची माणसं पातळ असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. कर्नल, मोलकरीण, वारसदार पुतण्या ही मंडळी एका पुस्तकातून उठून दुसऱ्यात बसवली तरी चालतील. तरीही तिच्याकडे पुन्हा जावंसं वाटतं, कारण तिच्या जगात कोणाचंही बोलणं वाया जात नाही. मोलकरणीने सहज सांगितलेली घड्याळातली वेळ दोनशे पानांनंतर उपयोगाला येते. खोटं बोललेला माणूसही तपासाला मदतच करतो. तो कशाबद्दल खोटं बोलला हेच खऱ्याकडे बोट दाखवतं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. खेळाच्या नियमापलीकडे त्यात मला न्यायाची एक कल्पना दिसते: पुरावा सगळ्यांसमोर मांडा आणि मगच बोट दाखवा.

मराठी रहस्यकथेने हा नियम फारसा पाळला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक दोन-तीन पिढ्यांच्या घरात राहिले. पण त्या कथांत कोडं कमी आणि धाव जास्त. वेषांतर, पाठलाग, झटापट, सुटका. गुरुनाथ नाईकांचा वेग तर त्याहून मोठा. ती पुस्तकं आज वाचताना मला गुन्हेगार कोण याची उत्सुकता राहत नाही, पण एक गोष्ट लक्षात येते. वाचनाशी ज्यांचा संबंध शाळेच्या पुस्तकांबरोबर संपला असता, अशा कितीतरी माणसांना या लेखकांनी वाचतं ठेवलं. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतलेलं पुस्तक गाडी गावात शिरेपर्यंत संपायचं आणि मग दहा हातांतून फिरायचं. मराठी वाचकांची संख्या वाढवण्याचं श्रेय मोजायचं झालं तर या लेखकांना वगळून मोजताच येणार नाही.

शिरवळकरांकडे मला जास्त आवडतो तो संवाद. त्यांचा दारा बुलंद किंवा बॅरिस्टर अमर विश्वास बोलायला लागला की पान आपोआप उलटतं. ‘दुनियादारी’त तर रहस्य नाहीच, आहे तो पुण्याच्या कॉलेजातला कट्टा. पण रहस्यकथा लिहून कमावलेली पकड तिथेही जाणवते. बाबा कदमांचं वेगळं. ते पोलिस प्रॉसिक्युटर होते, त्यामुळे त्यांच्या कथांतला गुन्हा चावडी, पंचनामा, जबानी आणि तारीख यांच्यामधून चालतो. प्रेम आणि गुन्हा एकाच वाड्यात नांदवायची त्यांची हातोटी मला आजही विलक्षण वाटते. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत ते इतके का वाचले गेले, हे कळायला अवघड नाही. त्यांच्या वाचकाला कोर्टाची पायरी माहीत होती.

प्रेमकथेचं माप निराळं. ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या फडक्यांच्या कादंबऱ्या ज्या काळात आल्या, त्या काळी शिकलेल्या मुलीने स्वतःचा नवरा स्वतः पसंत करावा ही कल्पनाच बऱ्याच घरांना पेलवत नव्हती. फडक्यांची नायिका कॉलेजात जाते, मोकळेपणाने बोलते, रुसते, नकार देते. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून त्यांनी कथा रचण्याचं तंत्रही उघड्यावर आणलं: गुंता कसा घालावा, उत्कंठा कशी ताणावी, शेवट कुठे आणावा. ‘कलेसाठी कला’ म्हणणाऱ्या फडक्यांवर वि. स. खांडेकरांच्या बाजूच्यांनी आयुष्यभर टीका केली. त्या वादात मी कोणा एकाच्या बाजूची नाही. मला वाटतं, फडक्यांनी कळत असो वा नसो, ‘मुलीला विचारा’ हे वाक्य हजारो घरांत गोष्टीच्या रूपाने पोचवलं. भाषणाने ते पोचलं नसतं.

पण वाचताना त्यांची मर्यादाही टोचत राहते. त्यांच्या प्रेमिकांच्या वाटेत गैरसमज येतो, गर्व येतो, दुसरा पुरुष येतो. जात फार क्वचित येते. नायक-नायिका एकाच थराच्या बंगल्यांतून निघतात आणि शेवटी एकाच बंगल्यात पोचतात. पुढच्या पिढीतल्या चंद्रकांत काकोडकरांनी शरीराबद्दल धीटपणे लिहिलं. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. म्हणजे प्रेमकथेत शरीर किती दाखवायचं यावर दिल्लीपर्यंत खल झाला. तिच्यात कोणाचं कोणाशी जुळू द्यायचं, या प्रश्नावर मात्र लेखक, प्रकाशक आणि वाचक यांच्यात न बोलता एकमत होतं.

इथे मला पुस्तकं खाली ठेवून जिल्ह्याकडे बघावं लागतं. कर्जतला लागून जामखेड तालुका. त्या तालुक्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेच्या आवारातून नेऊन मारलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मुलाचा जीव गेला हे निश्चित. तो कोणी घेतला, याचं कायद्याच्या भाषेतलं उत्तर अजून ‘कोणीच नाही’ असं आहे. ख्रिस्तीच्या पुस्तकात खोटी जबानी हाही दुवा असतो. गावात साक्षीदाराने फिरवलेली जबानी हा दुव्यांचा अंत असतो, कारण त्याला उद्या त्याच गावात, त्याच बांधावर, त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं प्रकरण सोनईचं. नेवासा तालुक्यात २०१३ च्या पहिल्याच दिवशी तीन दलित तरुण मारले गेले. तिथेही मुळाशी प्रेमसंबंधाचा राग होता. खटला नाशिकला चालला, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी एकेक कडी जोडत उभी करावी लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवलं. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की रहस्यकथेने शिकवलेली एक गोष्ट फार खरी वाटते. सत्य आपोआप बाहेर येत नाही. कोणीतरी ते कष्टाने, क्रमाने जुळवावं लागतं, आणि ऐकून घेणारी जागा भीतीपासून दूर असावी लागते.

कोणी म्हणेल, असं असताना गोड शेवटाच्या गोष्टी वाचणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं. ‘सैराट’ या सिनेमाने २०१६ साली याच भागातल्या प्रेमकथेचा शेवट कसा होतो ते दाखवलं. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव कर्जत-जामखेडच्या सीमेवरच्या करमाळा तालुक्यातलं. सिनेमाचं शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात घेतलं आणि ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तिथेच घडला. त्यांच्याइतकं हे वास्तव कोणाला ठाऊक असणार? पण थिएटरात शेवटी जी शांतता पसरायची ती कशाने, याचा मी बराच विचार केला आहे. अर्ध्या सिनेमापर्यंत लोक शिट्ट्या मारत, गाण्यांवर नाचत होते. प्रेमकथा कशी असते आणि तिचा शेवट काय व्हायला हवा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रेमकथांनी शिकवलं होतं. तो हक्क आपला आहे असं वाटत होतं म्हणूनच तो हिरावला गेल्याचं कळलं. ज्याने कधी सुखान्त पाहिलाच नाही त्याला तो शेवट नेहमीचाच वाटला असता.

म्हणून या पुस्तकांना मी विरंगुळा म्हणून सोडून देत नाही. ती वाचकाच्या हाती एक माप देतात. रहस्यकथा सांगते, की झालेल्या गुन्ह्याचा हिशेब लागला पाहिजे, मेलेला माणूस कितीही अप्रिय असो. प्रेमकथा सांगते, की दोन माणसांची पसंती हीच मोठी गोष्ट आहे, बाकीच्यांनी तिच्याभोवती आपलं वागणं बदलावं. ख्रिस्तीलाही हे माप कोर्टापेक्षा मोठं वाटलं असावं. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) मध्ये मारला जातो तो माणूसच कायद्याच्या हातून निसटलेला गुन्हेगार आहे, आणि तिचा गुप्तहेर पोइरो याला उत्तर सापडल्यावरही त्याचं काय करायचं हा पेच उरतो. मला त्या पुस्तकाचा शेवट पटत नाही. सूड हा न्यायाला पर्याय होऊ शकत नाही, हे आमच्यासारख्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना तरी पटायला हवं. पण न्यायालय चुकल्यावर माणसाच्या मनात काय उसळतं, हे त्या पुस्तकाने जितकं स्पष्ट मांडलं तितकं फार थोड्या ‘गंभीर’ कादंबऱ्यांनी मांडलं आहे.

माझी तक्रार आहे ती या मापाच्या आखूडपणाबद्दल. मराठी रहस्यकथेतला साक्षीदार कधीच उद्याला घाबरत नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली, इतका तो प्रश्न मोठा आहे. तरी गावातल्या साक्षीदाराच्या घरात, जबानीच्या आदल्या रात्री काय होतं यावर उभी असलेली उत्कंठावर्धक मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. गुप्तहेर, बॅरिस्टर, कॅप्टन पुष्कळ झाले. तोंड उघडावं की नाही या पेचातला शाळेचा शिपाई नायक का असू नये? प्रेमकथेचंही तेच. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर नोटीस द्यावी लागते आणि तीस दिवस ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागलेली असते. नाव, वय, पत्ता, सगळं. त्या तीस दिवसांत कोण ती नोटीस वाचतो, कोण फोन करतो, कोण मदतीला येतो, याहून ताणलेलं कथानक फडक्यांच्या तंत्रालाही सुचलं नसतं.

अशी कादंबरी कोणी लिहिली तर तिचा शेवट सुखाचा असावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. दुःखान्त खोटा असतो म्हणून नव्हे. खर्डा आणि सोनई घडलेलं आहे आणि ते विसरता कामा नये. पण याच जिल्ह्यात जातीबाहेर लग्न करून टिकलेली जोडपीही आहेत. आंतरजातीय विवाहाला सरकार पन्नास हजार रुपयांचं प्रोत्साहन देतं, तेही अशीच जोडपी असतात म्हणून. त्यांनी घर भाड्याने कसं मिळवलं, सासूने पहिल्यांदा हातचं पाणी कधी घेतलं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलं, कोणत्या मित्राने रात्री गाडी काढली, हे सगळं घडलेलं आहे आणि लिहिलं गेलेलं नाही. मृत्यूची बातमी पेपरात येते, टिकलेल्या संसाराची येत नाही. ज्या मुलीला उद्या निर्णय घ्यायचा आहे तिला मरण कसं येतं हे माहीत आहे. जगता कसं येतं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि ते सांगणं हे प्रेमकथेचंच काम आहे.