एकट्याने निघावं, पण कुणासाठी?

दसऱ्यानंतर एकट्याने गाडी काढून अजिंठा गाठणाऱ्याला माणसांचं वावडं असावं, असं घरचे धरूनच चालतात.

बौद्ध परंपरेत तर हा निघण्याचाच ऋतू. आषाढी पौर्णिमेनंतर सुरू झालेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, आश्विनात संपला, की भिक्षू चारिकेला, म्हणजे पायी भ्रमंतीला लागत. एका वाटेने दोघांनी जाऊ नये, असं बुद्धांनी पहिल्या शिष्यांना बजावलं होतं. कारण एकांताची ओढ नव्हे. धम्म जास्त लोकांपर्यंत पोचावा, हे होतं. आजचा ‘स्वतःच्या शोधात’ निघालेला प्रवासी हा उत्तरार्ध सोयीस्कर विसरतो.

अजिंठ्याच्या लेणे क्र. २६ मध्ये सुमारे ७ मीटर लांबीचे बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेत. खाली शोकाकुल शिष्यांची रांग. एकाने तर डोकंच हातावर टेकलंय. विरक्तीच्या वाटेवरही रडू येतं, हे शिल्पकाराने लपवलेलं नाही.

याच लेण्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या पाचव्या शतकातल्या शिलालेखात दाता भिक्षू बुद्धभद्र लेण्याच्या दानाचं पुण्य आई-वडिलांना आणि अश्मकांचा अमात्य असलेल्या मित्राला, भव्विराजाला, वाहतो. घर सोडलेला माणूस, आणि दगडावर आठवण घरच्यांची नि दोस्ताची!

एकट्याने जरूर जा. शिलालेखापाशी दोन मिनिटं थांबा. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.