शून्य पर्सेंटाइलचा डॉक्टर

"उद्या शून्य पर्सेंटाइलचा सर्जन तुमचं पोट उघडणार, लिहून ठेवा!" सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली, तेव्हा एका स्नेह्यांनी काढलेले हे उद्गार. जागा रिकाम्या राहत होत्या, म्हणून हा निर्णय. उणे गुण मिळालेला उमेदवारही प्रवेशफेरीत बसू शकला. संताप मलाही आला होता. तरी त्या वाक्यातलं काहीतरी खुपत राहिलं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे सीईटीच्या निकालांनी घरोघरी शिकवलं आहे. 50 पर्सेंटाइल म्हणजे निम्मे उमेदवार तुमच्या मागे, एवढंच. ते आणि तुम्ही किती पाण्यात आहात, हे त्यातून कळत नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या मूळ नियमाप्रमाणेच, एमबीबीएसच्या प्रवेशासाठी होणाऱ्या नीटमध्येही खुल्या प्रवर्गाची पात्रता 50 पर्सेंटाइल आहे. 720 पैकी ती 2022 मध्ये 117 गुणांवर आली, 2023 मध्ये 137 वर आणि 2024 मध्ये 162 वर. नियम तोच, पण दोन वर्षांत रेषा 45 गुणांनी वर सरकली, कारण ती अभ्यासक्रमात आखलेली नसून गर्दीत आखलेली आहे.

कोणतीही परीक्षा मुळात दोनपैकी एक प्रश्न विचारते: कितवा आलास, किंवा येतं का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेसर यांनी 1963 मध्ये हा भेद स्पष्ट मांडला. तेव्हापासून पहिलीला मानक-संदर्भ कसोटी आणि दुसरीला निकष-संदर्भ कसोटी म्हणतात. आरटीओच्या मैदानावर दुचाकीवरून आठचा आकडा काढायला लावतात, तेव्हा तुमच्या आधी किती जण पडले याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचे कार्यकर्ते गावोगावी मुलांसमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. मूल तो वाचतं किंवा अडखळतं. तिथं नंबर नाही. मला ही दुसरी जात आवडते. शिकवणाऱ्याला तीच उपयोगी, कारण पुढे काय शिकवायचं हे तीच सांगते.

म्हणून 'कितवा'चा प्रश्न सरसकट वाईट मानावा, असं मात्र मला वाटत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 मध्ये निघालं. ते काम मला फार मोलाचं वाटतं. आठ वर्षांच्या मुलाला अमुक जमत नाही, ही काळजीची बाब आहे की नाही, हे इतर आठ वर्षांच्या मुलांना काय जमतं ते पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि ती मुलं पॅरिसची असून चालत नाहीत, इथलीच हवीत. निकषाच्या पोटातही हीच तुलना दडलेली असते. दुसरीतल्या मुलाला कोणता उतारा यावा, हे दुसरीतली मुलं पाहूनच ठरलं. विल्यम अँगॉफ यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तज्ज्ञ एकेक प्रश्न घेऊन, जेमतेम पात्र असलेला उमेदवार तो सोडवण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधतात. या अंदाजांच्या बेरजेतून उत्तीर्णतेची रेषा ठरते. तो जेमतेम पात्र उमेदवार तज्ज्ञ कुठून आणतात? आयुष्यभर पाहिलेल्या विद्यार्थ्यांतूनच.

आता स्नेह्यांच्या बोलण्यातलं खुपणारं सापडतं. शून्यावर ते चिडले, म्हणजे 50 वर ते निश्चिंत होते. ती निश्चिंती कशाच्या बळावर? एखाद्या वर्षी सगळेच कच्चे निघाले, तरी 50 पर्सेंटाइल त्यांतल्या वरच्या निम्म्यांना पात्र ठरवणार. सगळेच तयारीचे निघाले, तरी खालच्या निम्म्यांना अपात्र. ही गुणवत्तेची राखण नव्हेच. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा रांग लावण्यासाठी आहे. जागा कमी आणि इच्छुक फार असतात तेव्हा रांग न्याय्यच असते. पण रांगेतल्या मधल्या माणसावर बोट ठेवून 'इथपर्यंतचे लायक' म्हणणं, यात कसलंही मोजमाप नाही. शून्यानं ते नुसतं उघडं पाडलं. स्नेही म्हणतील, मग उणे गुणवाल्याला सर्जन होऊ द्यायचं? नाही. पण त्याला थांबवायचं तर परीक्षेआधी तज्ज्ञांनी ठरवून जाहीर केलेली किमान गुणांची रेषा हवी, आणि जागा रिकाम्या राहिल्या तरी ती हलता कामा नये.

शिवाय या रांगेतला प्रत्येक जण एमबीबीएस आहे. रुग्णाला हात लावण्याची लायकी त्याच्यात आहे की नाही, याचा निवाडा त्या पदवीच्या शेवटीच व्हायला हवा. त्यासाठी देशभर एकच अंतिम परीक्षा घेण्याची तरतूद राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात आहे; ती तीन वर्षांत सुरू व्हायची होती. ती मुदत टळून गेली आणि परीक्षा पुढे ढकलली गेली. संतापायचं असेल तर या दिरंगाईवर संतापावं.